पोटातलं पोटावर

बालाघाटात माणसाची खुशाली पोटावरून मोजतात. सकाळी वैनगंगेच्या दिशेने फिरायला निघालेली रिटायर मंडळी एकमेकांना 'राम राम' घालतात आणि लगेच विचारतात, "पोट साफ ना जी?" इसबगोल दुधात की कोमट पाण्यात, त्रिफळा रात्री की पहाटे, कोणाला चहाशिवाय होत नाही आणि कोणाला बिडीशिवाय, या विषयांवर काली पुतली चौकात ट्रकच्या हॉर्नवर आवाज चढवून चर्चा चालते. आमच्या गल्लीतले एक निवृत्त हेडमास्तर लग्नाच्या पंगतीत, हातात मठ्ठ्याचा ग्लास धरून, स्वतःच्या आतड्यांचा आठवड्याचा वृत्तांत सांगतात. शेजारचे चारजण तो मन लावून ऐकतात, वर शंकाही विचारतात.

असं हे मोकळंढाकळं गाव आमच्या नातवाला पाहून एकदम कुजबुजायला लागलं.

नातवाचं बाकी सगळं यथास्थित होतं. नाक आजोबांचं, आवाज माझा, हट्ट दोन्ही घराण्यांचा. फक्त शीची वाट बंद होती. बाळंतपणानंतर बाळ पुसता पुसता सिस्टरच्या ते लक्षात आलं आणि त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलावते हं." हॉस्पिटलातला 'हं' कधीही चांगला नसतो. अशी बाळं साधारण पाच हजारांत एक जन्मतात असं मागाहून कळलं. आमच्या घरात लॉटरीचं तिकीट कुणाला कधी लागलेलं नाही. लागलं ते हे.

मग नागपूर. १९५६ सालापर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला ती भोपाळला गेली, पण बालाघाटच्या पोटांना अजून कुणी तसं कळवलेलं नाही. खसरा-खतौनीचं काम निघालं की आम्ही मध्य प्रदेशाचे. पोटात दुखलं की नागपूरचे. तिथल्या डॉक्टरांनी बाळाचं मोठं आतडं पोटाच्या डाव्या बाजूने बाहेर आणून तिथे तोंड केलं. त्या तोंडाला स्टोमा म्हणायचं, या सगळ्या प्रकाराला कोलोस्टोमी. पुढचा बेतही त्यांनी तेव्हाच सांगितला: काही महिन्यांनी खालची खरी वाट करायची, ती नीट रुळली की पोटावरची बंद. आमच्या जिल्ह्यात पुलाचं काम निघालं की शेतातून वळणरस्ता काढतात, तसाच हा वळणरस्ता. फरक एवढाच की इथे ठेकेदाराने पूल कधी होईल ते सांगितलं होतं.

स्टोमा पहिल्यांदा पाहिला की पोटात गोळा येतो. ओला, लालबुंद, आणि बाळ रडलं की फुगणारा. पुसताना कधी टिपूसभर रक्तही येतं. सिस्टर म्हणाल्या, लाल-गुलाबी आहे तोवर काही काळजी नाही. काळपट किंवा निळसर झाला तर मात्र तडक इकडे या. आणि त्याला हात लावला तर बाळाला दुखत नाही, कारण तिथे दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. आमच्या विहीणबाईंना मात्र नुसतं लांबून बघूनही दुखायचं. त्या पदर तोंडाला लावून दारात उभ्या राहायच्या आणि बाळ त्यांच्याकडे बघून बोळकं पसरून हसायचं. घरात तेवढा एकच जण निवांत होता, आणि पिशवी त्याच्याच पोटाला होती.

आता पिशवी. पिशवी बदलणं हे एका माणसाचं काम आहे असं सिस्टरने सुनेला शिकवलं होतं. आमच्या घरी त्याला पाच लागतात. सून मुख्य, मुलगा पाय धरायला, मी खुळखुळ्यावर, धाकटी लेक व्हिडिओ कॉलवर पुण्याहून सूचना द्यायला, आणि आमचे हे कटिंग विभागात. ह्यांची सगळी नोकरी भरवेलीच्या मॅंगनीज खाणीच्या स्टोअरमध्ये गेली. ती खाण आशियातल्या सर्वांत खोल भूमिगत मॅंगनीज खाणींपैकी आहे असं हे कुणालाही, न विचारता, सांगतात. स्टोअरच्या माणसाला निवृत्ती नसते. पिशव्यांचा पहिला खोका घरात आला त्याच दिवशी लाल कपड्याच्या बांधणीचं रजिस्टर निघालं: आवक, जावक, शिल्लक, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'पहाटे गळाली', 'स्वतः ओढून काढली', 'मामाच्या अंगावर' अशा नोंदी सुवाच्य अक्षरात आहेत.

पिशवीच्या चकतीला स्टोम्याच्या मापाचं भोक कापावं लागतं. मोठं झालं तर उघड्या कातडीवर शी लागून ती सोलवटते, लहान झालं तर स्टोम्याला काचतं. आणि हा स्टोमा ऑपरेशननंतर पहिले सहा-आठ आठवडे आकसत जातो, त्यामुळे आजचं माप पुढच्या आठवड्याला चालत नाही. ह्यांनी मुलाच्या शाळेतली कंपासपेटी शोधून काढली. चष्मा कपाळावर, जीभ दातांत, दोन मिलिमीटरची जागा सोडून ते असं भोक कापतात की खाणीतल्या एखाद्या पंपाचं वॉशर बसवायचं आहे. इकडे बाळाचं पोट उघडं. सून म्हणते, "बाबा, लवकर." हे म्हणतात, "मापात घाई नाही." स्टोम्याला झडप नसते. तो कुणाच्या ताब्यात नसतो, बाळाच्याही नाही. जुनी पिशवी निघालेली आणि नवी बसायची असलेली, एवढ्याच वेळात त्याला नेमकी आपली जबाबदारी आठवते. म्हणून सिस्टरने सांगून ठेवलं होतं की पिशवी सकाळी, दूध पाजायच्या आधी बदला. बाळाला हे वेळापत्रक कुणी दाखवलं नव्हतं.

वाऱ्याचं प्रकरण वेगळं. बाळ रडताना, दूध पिताना हवा गिळतं, ती बाहेर येते आणि पिशवी फुगते. रात्री दोनला दुपट्याखाली टम्म फुगवटा दिसला की कुणीतरी उठून तो सोडायचा. आणि आवाज! पहिल्या गणपतीत आरती ऐन रंगात आलेली, टाळ थांबून पुढचं कडवं सुरू व्हायच्या मधल्या शांततेत नातवाच्या पोटातून एक लांब, भरघोस, दोन टप्प्यांचा आवाज आला. सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. सवय. ह्यांनी नातवाकडे बोट दाखवलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा ते खरं बोलत होते. पण त्या दिवसापासून ह्यांना जी सवलत सापडली ती सापडलीच. नातू आईबरोबर तपासणीला नागपूरला गेलेला असतानाही हे बोट दाखवून बसतात.

आता कुजबुजीकडे येते. बघायला आलेल्या बायका आधी झबल्याचा कपडा कुठला ते विचारतात, मग दुधाचं विचारतात, मग इकडे तिकडे बघून माझ्या कानाशी येतात. "मग ताई… ते कुठून होते जी?" घरात मी, त्या आणि जे विचारताहेत ते स्वतः करणारं बाळ, एवढेच असतो. तरी कुजबुज. मी मोठ्याने सांगते, "पोटावरून!" तर त्या दचकतात. त्यांतल्याच एका बाईंनी गेल्या पोळ्याला स्वतःच्या मूळव्याधीची कहाणी माझ्या सगळ्या पाहुण्यांसमोर, पुरणपोळीवर तूप घालून घेत, सविस्तर सांगितली होती. त्यानंतर उपाय सुरू होतात. जायफळ उगाळून द्या. बेंबीत हिंग भरा. अमक्या गावच्या महाराजांचा अंगारा. एकीने तर ठाम सांगितलं की डॉक्टर पैशांसाठी पोटं फाडतात, कोमट एरंडेलाने वाट आपोआप मोकळी झाली असती. मी तिला चहा दिला. जास्त साखरेचा.

पोरांचं मात्र बरं असतं. शेजारचा पाच वर्षांचा मुलगा आला, त्याने झबलं वर केलं, नीट निरखलं आणि विचारलं, "ह्याला खिसा आहे?" मी म्हटलं, आहे. "काय ठेवतो?" मी म्हटलं, शी. तो क्षणभर विचारात पडला आणि घरी जाऊन आईपाशी असाच खिसा मागत जमिनीवर लोळला, कारण शाळेत मधल्या सुट्टीत संडासाची रांग फार मोठी असते. या गावात आमच्या नातवाकडे पाहून हेवा वाटलेला तो पहिला माणूस.

ह्यांचं म्हणणं, माल वापरायचा तर त्याचा इतिहास माहीत पाहिजे. मोबाइलवर वाचून वाचून ह्यांनी तो जमवला आणि संध्याकाळी चहाबरोबर आम्हाला ऐकवला. तो खरोखर ऐकण्यासारखा आहे. १७१० साली लित्रे नावाच्या फ्रेंच डॉक्टरने अशाच एका दगावलेल्या बाळाचं शवविच्छेदन करून सुचवलं, की आतडं पोटावर आणलं असतं तर जमलं असतं. सुचवलं, केलं कुणी नाही. १७९३ साली, पॅरिसात राजाचं डोकं उडवलं त्याच वर्षी, ब्रेस्त गावच्या ड्युरे नावाच्या सर्जनने ते केलं. बाळ जेमतेम तीन दिवसांचं. भूल देण्याची पद्धत निघायला अजून अर्धशतक होतं, जंतू कुणाला ठाऊक नव्हते, पिशवी तर नव्हतीच. ते बाळ पुढे ४५ वर्षं जगलं. हे सांगताना ह्यांचा आवाज जरा जड होतो. मला मात्र दुसराच प्रश्न पडला: ४५ वर्षं पिशवी नाही, म्हणजे धुणं किती पडलं असेल? ड्युरेचं नाव पुस्तकात आहे. धुणारीचं नाही.

पिशवीसाठी १९५४ साल उजाडावं लागलं, आणि ती सुचली डेन्मार्कच्या एका नर्सला, एलिस सोरेन्सन यांना. त्यांची बहीण थोरा हिच्या पोटावर स्टोमा झाला होता आणि गळतीच्या धास्तीने ती घराबाहेर पडेना. एलिसबाईंनी कातडीला चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीची कल्पना काढली. ती घेऊन त्या प्लास्टिकच्या कारखानदाराकडे, आगे लुई-हान्सन यांच्याकडे गेल्या, तर गृहस्थ काही फारसे उत्सुक नव्हते. त्यांची बायको योहाने स्वतः नर्स होती. तिने नवऱ्याला पटवलं. पुढे १९५७ साली त्यातून कोलोप्लास्ट ही कंपनी उभी राहिली. या गोष्टीतला बायकोने पटवण्याचा भाग हे भराभर वाचून पुढे जातात, म्हणून मी तो दरवेळी पुन्हा वाचायला लावते.

पण आमच्या घरात सगळ्यात गाजली ती डिंकाची गोष्ट. पिशवी नुसती चिकटून भागत नाही, खालची कातडी शाबूत राहायला हवी. अमेरिकेत क्लीव्हलंडला डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५०च्या दशकात त्यासाठी कराया डिंक वापरायला सुरुवात केली. तोवर तो कवळी बसवायच्या भुकटीत जायचा. हा डिंक येतो कुल्लूच्या झाडापासून. पांढऱ्याफेक खोडाचं, उन्हाळ्यात पानं झडून भुतासारखं उभं राहणारं ते झाड सातपुडा-मैकलच्या डोंगरउतारांवर कुणीही पाहिलेलं असतं. आज चकत्यांमध्ये पेक्टिन, जिलेटिन असलं काय काय असतं. तरी ज्या चकतीसाठी आम्ही नागपूरहून पार्सल मागवतो, तिची पणजी आमच्याच जंगलात उभी आहे, हे ऐकून ह्यांनी एक दिवस पिशवीच्या खोक्याला नमस्कार केला.

नमस्काराचा उपयोग मे महिन्यापर्यंतच. नवतपा लागला की बालाघाटात डांबर वितळतं, तिथे चकतीची काय कथा. घामाने कडा सुटते, बाळ ती कडा शोधून काढतं आणि ओढतं. पावसाळ्यात ती कोरडी होत नाही. ऐन वेळी खोका संपला म्हणून बाजारात विचारलं, तर एका दुकानदाराने मोठ्या माणसाची पिशवी पुढे केली. बाळाला लावून पाहिली. ती गुडघ्याखाली आली. "वाढत्या अंगाची आहे," दुकानदार म्हणाला. लहान मापाची पिशवी मागवली तरच येते.

शेवटी नागपूरच्या हॉस्पिटलातल्या वॉर्डातल्या बायकांनी शिकवलेलं कामी आलं. लांजीकडची, बैहरकडची कितीतरी गरीब पोरं पिशवीशिवाय वाढतात. त्यांच्या आया कातडीवर झिंक ऑक्साइडचं मलम जाड थापतात, वर जुन्या सुती लुगड्याची घडी ठेवतात, त्यावरून पट्टा बांधतात आणि दर थोड्या वेळाने घडी बदलतात. त्या पोरांची कातडी आमच्या नातवापेक्षा छान असायची. मी वारासिवनीच्या मागावरची माझी एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली साडी फाडली. ह्यांनी तिची नोंद कुठल्या खात्यात करायची म्हणून दोन दिवस रजिस्टर उघडं ठेवलं होतं.

सरकारचंही एक सांगते. आयुष्मान कार्डावर ऑपरेशनचा, भरतीचा खर्च निघतो. घरी आल्यावर रोज लागणारी पिशवी आपली आपण. आणि रेल्वेने स्टोमा असलेल्या माणसाला सवलत ठेवली आहे, तीही मासिक आणि त्रैमासिक पासावर. हे ऐकल्यावर ह्यांनी नातवाचा बालाघाट–गोंदिया पास काढायचा गंभीरपणे विचार केला. पाच वर्षांखालच्या पोराला तिकीटच लागत नाही, हे मी आठवण करून दिलं. "सवलत सोडायची नसते," हे म्हणाले.

रांगायला लागल्यावर मुख्य शत्रू बाळच. पिशवी हे जगातलं सगळ्यात उत्तम खेळणं आहे: मऊ, कुरकुरीत, आत काहीतरी हलतं, आणि ओढलं की घरातली सगळी मोठी माणसं एकदम धावतात. पाठीला बटणं असलेले कपडे शिवून घेतले, तर तो आडव्या रांगण्याने पिशवी फरशीवर घासायला लागला. खाण्याचा हिशेब तर उघडाच असतो. काय गेलं आणि काय आलं, ते सगळ्यांना दिसतं. चिन्नोर तांदळाचा मऊ भात आणि केळं खाल्लं की घट्ट, आणि कुणी कौतुकाने संत्र्याचा रस पाजला की तासाभरात पळापळ. एकदा सून किंचाळली. पिशवीत लाल! सगळे धावलो. आदल्या दिवशी ह्यांनी बीट चाखवलं होतं. खात्री करून घ्यायला तिने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. बाळाचा मामा तेव्हा पुण्याच्या ऑफिसात मीटिंगमध्ये लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडून बसला होता. त्याला अजून तिथे 'बीट' म्हणतात.

खालच्या वाटेचं ऑपरेशन आता झालं आहे. पेन्या आणि डी व्रीस या दोन डॉक्टरांनी १९८० साली शोधलेली पद्धत: पाठीमागून बरोबर मधोमध उघडायचं, विजेच्या सौम्य झटक्याने कुठला स्नायू आकसतो ते बघायचं, आणि आतडं त्या स्नायूंच्या ऐन मध्यात बसवायचं. ही वाट आकसू नये म्हणून नंतर रोज धातूची सळई घालून, सळईची जाडी हळूहळू वाढवत, ती रुंद ठेवावी लागते. तो भाग मी विनोदात सांगणार नाही, सुनेने तो कसा केला ते तिलाच ठाऊक. पोटावरचं तोंड दिवाळीनंतर बंद व्हायचं आहे. तेव्हाही सगळं एका रात्रीत सरळ होत नाही. सुरुवातीला दिवसाकाठी कितीतरी वेळा होतं, त्या कातडीला शीची सवय नसल्याने ती भाजल्यासारखी लाल होते, आणि काही मुलांना पुढे बद्धकोष्ठाशी, कपड्यांत होण्याशी कित्येक वर्षं झुंजावं लागतं. डॉक्टरांनी हे आधीच स्वच्छ सांगितलं आहे. हेडमास्तरांनी त्याच्यासाठी इसबगोलचा डबा आताच बाजूला काढून ठेवला आहे.

तेव्हा एक विनंती. दिवाळीनंतर आमच्याकडे लहान मापाच्या पिशव्या उरतील, झिंकच्या मलमाच्या दोन-तीन न फोडलेल्या नळ्या उरतील, पाठीला बटणं असलेली झबली तर ढीगभर आहेत. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी, गोंदिया, कुठल्याही घरात असं बाळ असेल तर येऊन घेऊन जा. पत्ता विचारायला लाजू नका. कुणालाही 'पिशवीवालं घर कुठे' म्हणून मोठ्याने विचारा. कुजबुजत का होईना, सगळे सांगतील. फक्त नेताना आमच्या ह्यांच्या रजिस्टरमध्ये सही करावी लागेल.